मुंबई ते न्यूयॉर्क : साडेबारा हजार किलोमीटर आणि आपल्या पोटऱ्या

उन्हाळ्याची सुटी जवळ आली की दवाखान्यात एक प्रश्न हमखास कानावर येतो. "डॉक्टर, मुलाकडं अमेरिकेला जायचं म्हणतोय. सोळा तास विमानात बसायचं. झेपेल ना?" विचारणारे बहुधा साठीच्या पुढचे असतात. कोणी निवृत्त शिक्षक, कोणी बँकेतून निवृत्त झालेले, कोणी बागायतदार. बरोबर पत्नी असते. तिला विमानापेक्षा लोणच्याच्या बरणीची काळजी जास्त असते. पुष्कळदा निमित्त बाळंतपणाचे असते. पूर्वी लेक माहेरी यायची, आता माहेरच विमानात बसून लेकीकडे जाते. सांगली, मिरज, इस्लामपूर, तासगाव या भागातून असे जाणारे आता इतके झाले आहेत, की या प्रश्नाचे उत्तर एकदा सविस्तर लिहावे असे वाटले.

आधी अंतर पाहू. मुंबई ते न्यूयॉर्क हे सरळ अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे. इथे सरळ या शब्दाचा अर्थ मात्र जरा वेगळा आहे. शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत पट्टी ठेवली तर रेघ अरबस्तान, आफ्रिकेचा उत्तर भाग आणि अटलांटिक महासागर यांवरून जाते. विमान तसे जात नाही. घरात मुलांचा पृथ्वीगोल असेल तर त्यावर या दोन शहरांमध्ये एक दोरा ताणून धरून पाहा. दोरा आपोआप उत्तरेकडे सरकतो. मध्य आशिया, रशिया, नॉर्वे, आइसलंडच्या आसपासचा समुद्र, ग्रीनलंडचे दक्षिण टोक आणि कॅनडा असा तो जातो. गोल पृथ्वीवर जवळची वाट तीच. पडद्यावरचे छोटे विमान बर्फाच्या प्रदेशावर पाहून एका आजोबांना आपण चुकीच्या विमानात बसलो की काय असे वाटले होते, म्हणून हे सांगून ठेवले.

विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास धरला तर हे अंतर चौदा तासांत संपायला हवे. जाताना मात्र पंधरा-सोळा तास लागतात, येताना चौदाच्या आसपास. कारण वारा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहत असतात. जाताना ते समोरून येतात, येताना पाठीमागून ढकलतात. शिवाय दोऱ्याची वाट नेहमी मोकळी असतेच असे नाही. २०२२ साली युक्रेनचे युद्ध पेटल्यावर रशियाचे आकाश पाश्चात्त्य कंपन्यांच्या विमानांना बंद झाले. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपल्या आकाशातून जाण्यास मनाई केली, तेव्हा अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना वळसा पडून युरोपात इंधनासाठी उतरावे लागले. त्यामुळे मुलाने फोनवर सांगितलेला वेळ हा अंदाज समजावा.

पण माझ्या दृष्टीने हा सोळाचा आकडाच अपुरा आहे. तो विमानाचा वेळ झाला, शरीराचा नव्हे. शरीराचा प्रवास घराच्या उंबऱ्यापासून सुरू होतो. सांगलीहून मुंबईचा विमानतळ सुमारे पावणेचारशे किलोमीटर, म्हणजे गाडीने सात-आठ तास. परदेशच्या विमानासाठी किमान तीन तास आधी पोहोचायचे. घाटात गाड्या अडकल्या तर काय, म्हणून घरची मंडळी आणखी दोन तास आधी निघतात. मग विमानातले सोळा. उतरल्यावर पासपोर्ट तपासणीची रांग, सामानाची वाट पाहणे, आणि मुलाचे घर न्यू जर्सीच्या आत कुठेतरी असल्यास आणखी तास-दीड तास मोटार. बेरीज तीस तासांच्या पुढे जाते. त्यातले चोवीस-पंचवीस तास आपण खुर्चीत बसलेले असतो, आणि तेही गुडघे मुडपून. "विमान झेपेल का" असे विचारण्यापेक्षा "इतके तास बसणे झेपेल का" असे विचारावे, म्हणजे तयारी कशाची करायची ते कळते.

बसण्याने काय होते ते समजून घेऊ. हृदय रक्त पायापर्यंत ढकलते, पण पायातले रक्त वर चढवायला त्याचा जोर पुरत नाही. ते काम पोटरीचे स्नायू करतात. चालताना पोटरी आवळते, आतल्या शिरा पिळल्या जातात आणि रक्त वर सरकते. शिरांमध्ये छोट्या झडपा असतात, त्या रक्ताला खाली परतू देत नाहीत. विहिरीवरच्या हातपंपासारखीच ही व्यवस्था आहे. दांडा हलला तर पाणी वर येते. माणूस तासन् तास बसून राहिला की दांडा थांबतो. रक्त पोटरीत साठते, संथ होते, आणि संथ झालेले रक्त गोठू पाहते. एकोणिसाव्या शतकात जर्मन वैद्य रुडॉल्फ विर्शो याने अशा गुठळ्यांचा पाया घालणारा अभ्यास केला. रक्त संथ होणे, शिरेला इजा होणे आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे ही गुठळीची तीन कारणे आजही त्याच्याच नावाने शिकवली जातात.

अशी गुठळी पोटरीत किंवा मांडीत राहिली तर पाय सुजतो, दुखतो. त्याहून वाईट म्हणजे तिचा तुकडा सुटून रक्ताबरोबर हृदयातून फुप्फुसात जाऊन अडकतो. मग एकाएकी धाप लागते, छातीत दुखते, कधी खोकल्यातून रक्त पडते, कधी माणूस जागीच कोसळतो.

हा आजार विमानाने आणलेला नाही. १९४० साली लंडनवर रात्रंदिवस बॉम्ब पडत होते. लोक निवाऱ्यांमध्ये घडीच्या खुर्च्यांवर बसून रात्री काढत. त्यातली काही माणसे सकाळी उठून चालू लागताच मरण पावली. अंगावर जखम नाही की खरचटलेले नाही. कीथ सिम्प्सन या न्यायवैद्यक तज्ज्ञाने 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्याच वर्षी याचे कारण मांडले : खुर्चीच्या पुढच्या दांडीने मांडीखालच्या शिरा दाबल्या जात, पायात गुठळी होई, आणि ती फुप्फुसात जाई. पुढे १९५४ साली बोस्टनचे शल्यचिकित्सक जॉन होमन्स यांनी लांबच्या प्रवासात बसून राहिलेल्यांमध्ये, विमानप्रवाशांतही, हाच आजार दाखवून दिला. १९७७ साली त्याला 'इकॉनॉमी क्लास सिंड्रोम' असे नाव पडले. नाव सुटसुटीत आहे, पण दिशाभूल करणारे. महागड्या रुंद खुर्चीत झोपून राहिलेल्यालाही गुठळी होते, आणि रात्रभर मोटारीत बसणाऱ्यालाही.

किती जणांना होते? उगाच घाबरवण्याचा माझा हेतू नाही, म्हणून आकडा देतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, चार तासांहून अधिक वेळ बसून केलेल्या प्रवासानंतर गुठळीचा धोका सुमारे दुप्पट होतो. मात्र दुप्पट होऊनही तो साधारण सहा हजार प्रवाशांत एकाला, एवढाच राहतो. हाच धोका बस, रेल्वे आणि मोटार यांच्या लांबच्या प्रवासातही आढळला. म्हणजे धडधाकट माणसाने बिनघोर जावे. पण ज्यांना आधी पायात गुठळी झाली आहे, नुकतेच मोठे ऑपरेशन झाले आहे, कर्करोगावर उपचार चालू आहेत, वजन बरेच जास्त आहे, ज्या गरोदर किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या आहेत, ज्या गर्भनिरोधक किंवा हार्मोनच्या गोळ्या घेत आहेत, त्यांच्या बाबतीत हा आकडा वाढतो. त्यांनी तिकीट काढण्याआधी डॉक्टरांकडे यावे. तिकीट काढून, बॅगा भरून, निघायच्या आदल्या संध्याकाळी नव्हे.

एक रुग्ण आठवते. वय चौसष्ट, घर वाळवा तालुक्यात. लेकीचे बाळंतपण करून सहा महिन्यांनी परत आल्या. वाटेत आखाती देशात विमान बदलले, मुंबईत उतरल्या आणि नातवंडांची ओढ म्हणून तशाच रात्री गाडीने घरी आल्या. गाडी एकदाच, चहापुरती थांबली. त्या उतरल्या नाहीत, डोळा लागला होता. तिसऱ्या दिवशी डावी पोटरी जड वाटू लागली. प्रवासाने पाय सुजलेत, असे सगळ्यांनी ठरवले. गल्लीतली मालिश करणारी बाई दोन दिवस कोमट तेलाने पाय चोळून गेली. त्यानंतरच्या सकाळी न्हाणीघरातून बाहेर येताना त्यांना एवढी धाप लागली की उंबऱ्यातच बसल्या. माझ्याकडे आणल्या तेव्हा ओठ निळसर, नाडी मिनिटाला एकशे वीस. शिंप्याकडच्या टेपने दोन्ही पोटऱ्या मोजल्या. डावी साडेतीन सेंटिमीटरने जाड. लगेच मिरजेला पाठवले. सोनोग्राफीत मांडीपर्यंत गुठळी निघाली आणि फुप्फुसातही तुकडे सापडले. त्या वाचल्या. रक्त पातळ करणारी औषधे त्यांना सहा महिने घ्यावी लागली.

या गोष्टीतली एक बाब वाचकांनी कापून कपाटाला चिकटवावी. लांबच्या प्रवासानंतर एकच पोटरी सुजली, दुखू लागली, गरम लागू लागली, तर तिला तेल लावून चोळायचे नाही. शेकायचे नाही. पट्टी घट्ट बांधायची नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचे. दोन्ही घोट्यांवर सारखी सूज येणे ही गोष्ट निराळी. ती बहुतेकांना येते आणि पाय उशीवर ठेवून झोपल्यावर एक-दोन दिवसांत उतरते. आपल्याकडे दुखला अवयव चोळण्याची इतकी सवय आहे, की हे दोनदा सांगितले तरी तिसऱ्यांदा सांगावे लागते.

आता उपाय. तो फुकट आहे आणि म्हणूनच लोक करत नाहीत. मुलाला सांगून वाटेकडेची खुर्ची घ्यावी. खिडकीतून दिसतात ते ढग, आणि रात्री तेही दिसत नाहीत. खिडकीशी बसलेला माणूस शेजारच्या दोघांना उठवायच्या संकोचाने सोळा तास हलत नाही. जागे असताना दर तासाला उठून एक फेरी मारावी. बसल्या जागी टाचा टेकवून चवडे वर, मग चवडे टेकवून टाचा वर, असे वीस-पंचवीस वेळा करावे. शिवणयंत्र पायाने चालवणाऱ्या आयाबायांना हे शिकवावे लागत नाही. समोरच्या खुर्चीखाली पिशवी कोंबून पायांची जागा अडवू नये. एकावर एक पाय टाकून झोपू नये.

झोपेची गोळी घेऊन "डोळे उघडले की न्यूयॉर्क" असा बेत काही जण करतात. त्याला माझा विरोध आहे. गोळीने आलेल्या झोपेत माणूस कूससुद्धा बदलत नाही. दारूचेही तेच. विमानात फुकट मिळते म्हणून एरवी न घेणारेही घेतात, हे मी प्रतिष्ठित मंडळींकडूनच ऐकले आहे.

घट्ट मोज्यांविषयी विचारणा होते. घोट्याशी जास्त आणि गुडघ्याकडे कमी दाब देणारे खास मोजे मिळतात. ते घातल्याने लक्षणे न दाखवणाऱ्या लहान गुठळ्या बऱ्याच कमी होतात, असे अभ्यासांत दिसले आहे. ज्यांना धोका जास्त त्यांनी ते पायाचे माप देऊन घ्यावेत. मधुमेहाने किंवा धूम्रपानाने ज्यांच्या पायाचा रक्तपुरवठा कमी झाला आहे, त्यांनी मात्र विचारल्याशिवाय घालू नयेत. दुसऱ्याचे मागून आणलेले तर कोणीच नाही. आणि "एक अ‍ॅस्पिरिन टाका, काही होत नाही" हा सल्ला बसस्टँडवर मिळतो तेवढाच खात्रीचा आहे. केवळ प्रवासासाठी म्हणून ती आपल्या मनाने सुरू करू नये. हृदयासाठी आधीपासून चालू असेल तर बंदही करू नये.

पूर्वी हे सगळे न सांगता घडत असे. १९६० साली एअर इंडियाने बोइंग ७०७ विमानाने न्यूयॉर्कची सेवा सुरू केली ती लंडनमार्गे. वाटेत उतरावेच लागे, पाय मोकळे होत. २००७ साली याच कंपनीने मुंबईहून न्यूयॉर्कला न थांबता जाणारे विमान सुरू केले. सिंगापूर-न्यूयॉर्क विमान २०१८ पासून पुन्हा उडू लागले, ते तर १५,३०० किलोमीटर अंतर अठरा-एकोणीस तासांत एका दमात कापते. विमानांचा दम वाढला, आपल्या पोटऱ्या मात्र आजोबांच्या होत्या तशाच राहिल्या. म्हणून वाटेत थांबणारे विमान बरे की विनाथांबा, असे कोणी विचारले तर मी माणूस बघून सांगतो. चालता येते, इंग्रजी पाट्या वाचता येतात, त्याने दुबईसारख्या ठिकाणी तीन-चार तास थांबून हिंडावे. मात्र थांबल्यानंतरही पुढे चौदा तासांचा टप्पा उरतोच आणि एकूण वेळ वाढतो, तेव्हा थांबा म्हणजे कवच नव्हे. गोंधळून जाणाऱ्या किंवा गुडघे दुखणाऱ्या जोडप्याने एकाच विमानाने जावे.

व्हीलचेअरबद्दलही थोडे लिहितो. विमानतळावर वाट चुकू नये, तपासणीच्या वेळी भाषेची अडचण येऊ नये, म्हणून मुले आईवडिलांसाठी ती मागवतात. ठीक आहे. तासभर रांगेत उभे राहणे सगळ्यांना जमत नाही. पण आधी गाडीत बसलेला, मग चाकाच्या खुर्चीत बसलेला माणूस शेवटी विमानात बसायला जातो, तेव्हा तो चालतो कधी? फाटकाजवळ पोहोचल्यावर खुर्ची सोडावी आणि विमानाची वाट पाहताना येरझाऱ्या घालाव्यात.

विमानातल्या हवेकडे वळू. बाहेर दहा-अकरा किलोमीटर उंचीवर श्वास घेणे शक्य नसते, म्हणून आत हवा दाबून भरतात. पण ती जमिनीवरच्याइतकी दाट नसते. आतला दाब समुद्रसपाटीपासून ६,००० ते ८,००० फुटांवर असतो तेवढा ठेवतात. आपले कळसूबाईचे शिखर सुमारे ५,४०० फूट उंच आहे. म्हणजे प्रवासी कळसूबाईच्याही वर सोळा तास बसलेला असतो. निरोगी माणसाला त्याचे काही वाटत नाही. रक्तातील प्राणवायू थोडा उतरतो, थोडी सुस्ती येते. कोविडच्या काळात घरोघरी आलेले बोटाला लावायचे यंत्र कपाटात पडले असेल, ते जाण्याआधी बाहेर काढावे. घरी शांत बसल्यावर आकडा ९५ च्या वर असेल तर बहुधा काळजी नाही. ९२ च्या खाली असेल तर विमानात प्राणवायूची सोय करावी लागेल, आणि ती कंपनीला बरेच दिवस आधी कळवावी लागते. मधल्यांनी तपासून घ्यावे. यंत्र नसेल तर साधी परीक्षा आहे : पन्नास मीटर सपाटीवर चालून किंवा एक जिना चढून फार धाप लागत नाही ना, हे पाहावे.

नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी हृदयतज्ज्ञांच्या लेखी परवानगीशिवाय निघू नये. दाब कमी झाला की शरीरातला वायू प्रसरण पावतो. म्हणून पोटाच्या मोठ्या ऑपरेशननंतर थांबावे लागते. डोळ्याच्या पडद्याच्या शस्त्रक्रियेत आत वायूचा बुडबुडा सोडला असेल तर तो पूर्ण विरेपर्यंत विमान वर्ज्य आहे. यात नजर कायमची जाऊ शकते. साध्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची गोष्ट वेगळी, तरी डोळ्याच्या डॉक्टरांना विचारावेच. पोटात गुडगुड होते, पोट फुगते, ते याच वायूमुळे. तेव्हा निघण्याच्या रात्री हरभऱ्याची उसळ आणि भजी नकोत.

हवा कोरडीही असते. आर्द्रता वीस टक्क्यांच्या खाली, मे महिन्यातल्या सोलापूरच्या दुपारची आठवण व्हावी अशी. घसा सुकतो, डोळे चुरचुरतात. बायका इथे एक गोष्ट करतात : स्वच्छतागृहात जायला नको म्हणून पाणीच पीत नाहीत. प्रोस्टेटचा त्रास असलेले पुरुषही तेच करतात. हे करू नये. थोडे थोडे पाणी पीत राहावे आणि त्या निमित्ताने उठावे. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे ज्यांना पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांनी तेच माप पाळावे.

मधुमेहींचा प्रश्न अधिक बारकाईचा आहे, म्हणून उदाहरणच घेऊ. उन्हाळ्यात आपल्या आणि न्यूयॉर्कच्या घड्याळात साडेनऊ तासांचा फरक असतो, हिवाळ्यात साडेदहा. मुंबईहून रात्री एक वाजता निघालेले विमान सोळा तासांनी पोहोचते तेव्हा तिथे त्याच तारखेचे सकाळचे साडेसात वाजलेले असतात. घड्याळ म्हणते साडेसहा तास गेले, स्वादुपिंड म्हणते सोळा. तो दिवस साडेतेहतीस तासांचा झाला. येताना उलट. तिथून दुपारी बाराला निघालात तर मुंबईत दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला उतराल, आणि तो दिवस साडेचौदा तासांतच संपेल. चोवीस तासांसाठी ठरलेले इन्सुलिन या दोन्ही दिवसांना जसेच्या तसे लागू पडत नाही. जाताना वाढीव जेवण आणि कदाचित वाढीव डोस लागतो. येताना डोस कमी करावा लागतो, नाहीतर साखर घसरून घाम फुटतो. कोणाला किती, हे वर्तमानपत्रात लिहून भागणार नाही. विमानाच्या वेळा घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि भारतीय वेळेनुसार वेळापत्रक लिहून घ्यावे. प्रवास संपेपर्यंत हातातले घड्याळ बदलू नये. विमानातले जेवण समोर आल्याशिवाय जेवणाआधीचे इन्सुलिन टोचू नये. ट्रॉली चार रांगा अलीकडे आली आणि हादरे बसू लागले म्हणून परत गेली, असे होते. दिवसातून एकदा घ्यायची रक्तदाबाची गोळी मात्र काही तास मागेपुढे झाली तर आभाळ कोसळत नाही.

इन्सुलिन आणि सर्व औषधे हातातल्या पिशवीत हवीत. खाली सामानात गेलेले इन्सुलिन थंडीने गोठून निकामी होऊ शकते, आणि बॅग दुसऱ्याच शहरी गेली तर तेही मिळत नाही. आमच्या मंडळींच्या बॅगेत वर चकल्या आणि गोडा मसाला असतो, औषधे तळाशी. सुया नेण्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी लागते. चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून घ्यावे, कारण तिथे आपली व्यापारी नावे चालत नाहीत. आणखी एक गंमत : आपले पॅरासिटामॉल अमेरिकेत अ‍ॅसिटामिनोफेन या नावाने मिळते. आपली गोळी घेऊन वर सुनेने दिलेली तीच गोळी वेगळी समजून घेतली, असे सहज घडते, आणि दुप्पट मात्रा यकृताला सोसत नाही.

पोहोचल्यावर झोप बिघडते. मेंदूच्या तळाशी डोळ्यांच्या नसांजवळ शरीराचे घड्याळ आहे. पेशींमध्ये हे घड्याळ कसे चालते याच्या शोधासाठी २०१७ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना मिळाले. हे घड्याळ दिवसाला साधारण एक तास सरकते, म्हणजे पूर्ण जुळायला आठवडा ते दहा दिवस. ते जुळवणारी मुख्य गोष्ट उजेड आहे. म्हणून दिवसा पडदे लावून झोपू नये. दुपारी अर्धा-पाऊण तास डुलकी पुरे, मग अंगणात किंवा रस्त्यावर फिरावे. भूक, शौच आणि चिडचिड यांचाही मेळ बसायला तेवढेच दिवस लागतात, तेव्हा सुनेच्या स्वयंपाकघराबद्दलची मते दुसऱ्या आठवड्यात मांडावीत. बाळंतपणाला गेलेल्या आजीला पहिले आठ दिवस रात्री दोन वाजता टक्क जाग असते, आणि बाळालाही. लेकीला तेवढीच झोप मिळते.

परतीचा प्रवास पूर्वेकडे असल्याने घड्याळ जुळायला अधिक जड जातो. त्यात मुंबईत उतरल्यावर पुन्हा सात-आठ तास गाडी. शक्य असेल त्यांनी एक रात्र मुंबईत किंवा पुण्यात नातेवाइकांकडे काढावी. नसेल तर दर दोन तासांनी गाडी थांबवायची असे ड्रायव्हरला विमानतळावरच सांगून ठेवावे, आणि थांबल्यावर झोपलेल्यालाही उठवून दहा मिनिटे चालवावे. गुठळीचा धोका पहिल्या आठवड्यात सर्वाधिक असतो आणि पुढे सुमारे दोन महिने थोडाफार राहतो. त्या काळात पाय दुखला, धाप लागली किंवा छातीत दुखले, तर कुठल्याही दवाखान्यात गेल्यावर पहिले वाक्य विमानातून उतरल्याच्या तारखेचे असावे. तिथे असतानाच असे झाले तर मुलगा ऑफिसातून येण्याची वाट न पाहता ९११ हा क्रमांक लावावा. निघण्यापूर्वी प्रवासाचा वैद्यकीय विमा काढताना आपले जुने आजार त्यात लिहिलेले आहेत की नाही, हे मुलाकडून वाचून घ्यावे.